सोवळ्यातली गोळी

चामराजपेठेत मुलीचं लग्न ठरलं की बापाला दोन ठिकाणी जावं लागे. एक, कार्यासाठी छत्र, म्हणजे मंगल कार्यालय, भाड्यानं घ्यायला. आणि दुसरं, अंबक्काच्या दारी. शहाणी माणसं आधी अंबक्काकडे जात. छत्राचं काय, बसवनगुडीत मिळालं नाही तर मल्लेश्वरात मिळे. अंबक्का एकच होती. हे ती स्वतःच्या तोंडानं कधी बोलली नाही, पण दुसरं कुणी तिच्यासमोर बोललं तर तिनं कधी नाहीही म्हटलं नाही.

तिचं नाव अंबुबाई. पण अवतीभवती सगळं कानडी, त्यामुळे घरात मराठी बोलणारी माणसंही तिला अंबक्काच म्हणत. नवरा मोठा आचारी होता. तो गेला तेव्हा हाताखालच्या लोकांनी धरूनच चाललं होतं की आता ही मंडळी पांगणार. लग्नाच्या चुलाणापुढे बाईमाणूस मुख्य आचारी म्हणून उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि अंबक्का लाल आलवणाचा पदर खोचून चुलाणापुढे उभी राहिली. नवऱ्याचा जुना जोडीदार भीमाचार्य तेवढा सोबत राहिला. चिरोटी आणि मैसूरपाक त्याच्याकडे, बाकीचं सगळं तिच्याकडे. दोन-तीन लग्नं पार पडली आणि पांगलेली माणसं आपल्या पायांनी परत आली.

तिचं सोवळं कडक. पहाटे अंघोळ करून एकदा ती स्वयंपाकघरात शिरली की शेवटची पंगत उठेपर्यंत बाहेर येत नसे. तिला कुणी शिवायचं नाही, तिनं कुणाला शिवायचं नाही. आणि देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी कशालाही जीभ लावायची नाही. चाखून स्वयंपाक काय, कुणीही करील, असं ती म्हणे. ती नाकानं स्वयंपाक करायची. सारू, म्हणजे पातळ तिखट सार, उकळताना हिंगाचा वास मिरीच्या वासाखाली गेला की ती लाकडं ओढायला सांगे. तिच्या हातचं जेवून तृप्त झालेली माणसं हजारोंनी असतील, पण जेवताना तिनं त्यांतलं एकही पाहिलं नव्हतं. पंगत भिंतीपलीकडे असायची. तिथून ढेकरांचे आणि श्लोकांचे आवाज तेवढे आत यायचे.

चुलाणाचा धूर, वाफ आणि जाळ यांत दिवस काढायचा म्हणजे डोकं ठणकणारच. त्यावर तिचा उपाय एकच, डोकेदुखीची पुडी. पानवाल्याच्या दुकानातही मिळायची. जिभेवर टाकायची, वर पाण्याचा घोट घ्यायचा, की पाव घटकेत डोकं हलकं. सुरुवातीला कधीतरी लागायची. मग रोजची झाली, मग लग्नाच्या दिवशी दोन, तीन, चार. कनवटीला पुड्यांची चळत असल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. त्याला औषध म्हणावं असं तिच्या कधी मनातसुद्धा आलं नाही.

पासष्ट सालच्या लग्नसराईत तिचे पाय सुजायला लागले. सकाळी उठली की डोळ्यांखाली फुगवटा असे. एकदा सून वसुमती तिचे पाय चेपत होती, तर नडगीवर बोटानं दाबलेला खळगा तसाच राहिला. वसुमतीनं पुन्हा दाबून पाहिलं, आणि तिचा नवरा रघुपती गिरणीतल्या कचेरीतून आल्याबरोबर त्याला घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून अंबक्काला डॉक्टर नंजुंडय्यांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, कानडी बोलणारे, शांत. त्यांनी तिच्या लघवीचा नमुना काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवला. नळीत पांढरी साय धरली. दूध नासल्यासारखं दिसतंय, असं अंबक्का मनाशी म्हणाली. नासलेलं परत नीट होत नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध घेता का? तिनं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा वसुमती हळूच म्हणाली, "पुड्या सांगा ना, अत्याबाई."

पुड्यांचं ऐकून डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. किती वर्षं, दिवसाला किती, सगळं विचारून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की वर्षानुवर्षं असल्या पुड्या घेतल्या की मूत्रपिंड आतून झिजतं. जे झिजलं ते परत येणार नाही, उरलेलं मात्र सांभाळता येईल. त्यांनी एक गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक. दुपारपर्यंत बरेचदा लघवीला जावं लागेल, अंगात साठलेलं पाणी उतरेल, सूज आणि रक्तदाब दोन्ही खाली येतील. पुडी आजपासून बंद, डोकं फुटलं तरी. लोणचं, पापड बंद, जेवणात मीठ नाही. शहाळ्याचं पाणी लोक थंड म्हणून पाजतात, पण मूत्रपिंड दुबळं असताना त्यातले क्षार अंगात साठून हृदयाला धोका होतो, तेव्हा मला विचारल्याशिवाय तेही नाही. बसल्या जागेवरून एकदम उठायचं नाही, घेरी येईल. एकादशीची निर्जळी नाही, सांगितलं तेवढं पाणी घ्यायचं. आणि दुसरा कुठलाही डॉक्टर किंवा वैद्य काही देऊ लागला तर ही गोळी चालू आहे हे त्याला आधी सांगायचं.

अंबक्का सगळ्याला सरी, सरी म्हणत मान डोलावत राहिली. घरी येऊन तिनं दोघांना बजावलं, की यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. आजारी आचाऱ्याच्या हातचं कोण जेवणार?

पुड्या सोडल्या तेव्हा डोकं असं काही दुखलं की भिंतीला कपाळ लावून बसावं लागलं. वसुमतीनं सुंठ उगाळून लेप दिले. हळूहळू ते ओसरलं. मिठाचंही तिनं निभावून नेलं. एकादशीला पाण्यावर राहिली. गोळी लागू पडली, पाय पुन्हा पायांसारखे दिसू लागले. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सोवळ्यात असताना लघवीला गेलं की पुन्हा अंघोळ, पुन्हा दुसरं धूतवस्त्र, तेव्हा कुठे परत चुलीपाशी. गोळी घेतल्यावर दर अर्ध्या तासानं हे करायचं म्हणजे भात कोण उतरवणार? तिनं त्यावर स्वतःपुरती तोड काढली. लग्नाच्या दिवशी गोळी नाही. आणि जायला लागू नये म्हणून पाण्याचा थेंबही नाही.

वैशाखात एकामागून एक लग्नं आली. गोळ्या राहत गेल्या, पाय पुन्हा खांबासारखे झाले. तेव्हा शेवटच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन टाकल्या. उधारी एकरकमी फेडावी तशी. रात्रभर तिला डोळ्याला डोळा लावता आला नाही. सकाळी तोंडाला कोरड, पोटऱ्यांत वांब, आणि डोकं असं ठणकत होतं की भीमाचार्यानं आपल्या पिशवीतली पुडी पुढे केली तेव्हा तिनं ती घेतली. मग आणखी एक घेतली. चुलाणापाशी वाकून तिनं भाताच्या हंड्याखालचं लाकूड ओढलं, उभी राहिली, आणि डोळ्यांपुढे अंधार पसरला.

हंड्यातलं पाणी खळखळत होतं. वसुमती शेजारी नारळ खवत होती. तिनं खवणी टाकून सासूला कमरेला मिठी मारली आणि दोघी मागे भिंतीवर आदळल्या. कुणी भाजलं नाही. जेवण वेळेवर झालं, भीमाचार्य आणि वसुमतीनं ते तडीस नेलं, आणि पंगतीला काही कळलंही नाही. अंबक्काला मात्र टांग्यात घालून न्यावं लागलं.

डॉक्टर रागावतील अशी तिची तयारी होती. ते रागावले नाहीत. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पुडीचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, आणि मग खरोखरच न कळून म्हणाले, की रोज नेमानं घेणारी बाई लग्नाच्याच दिवशी का चुकवते? अंबक्का परक्या पुरुषाला हे कसं सांगणार? शेवटी वसुमतीनंच मान खाली घालून सोवळ्याचं सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी रक्तदाबाचं यंत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "अक्का, चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी भरून काढायची नसते. सगळ्या एकदम घेतल्यात म्हणून पडलात. स्वयंपाकातलं मला काही कळत नाही, तो तुमचा. गोळी माझी. दोघांतलं एक हलवावं लागेल, आणि गोळी हलणार नाही."

हे बोलणं अंबक्काला आवडलं. तीही हाताखालच्या माणसांशी असंच बोलायची.

काही दिवस तिनं नवं काम घेतलं नाही. रघुपतीला वाटलं, आता आई हे सगळं सोडणार, आणि त्याला बरंही वाटलं. पण ती मनात एकच गोष्ट घोळवत होती. त्या दिवशी ती पडल्यावर भाज्यांची आंबट डाळ म्हणजे हुळी, सारू, भात, कोशिंबिरीसारखी कोसंबरी, सगळं वसुमतीनं उतरवलं होतं, आणि एकाही माणसानं नाव ठेवलं नव्हतं. सून लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिच्याजवळ बसून चिरत, वाटत, खवत होती. अंबक्कानं तिला कधी शाबास म्हटलं नव्हतं. शाबास म्हटलं की हात ढिला पडतो, अशी तिची समजूत.

एका सकाळी गोळी गिळून तिनं वसुमतीला समोर बसवलं. "पुढच्या लग्नाला सोवळ्यात तू. चुलाणापुढे तू. मी शिवणार नाही कशाला. दाराशी बसेन."

वसुमती म्हणाली, "मला नाही जमायचं, अत्याबाई."

"त्या दिवशी कुणाला विचारलं होतंस?" अंबक्का म्हणाली, आणि तो विषय तिथं संपला.

पुढचं लग्न बसवनगुडीतल्या हयवदनरावांच्या मुलीचं होतं. घर मोठं, पाहुणे पारखी, आणि हयवदनरावांची आई कृष्णाबाई म्हणजे सोवळ्याओवळ्याची आणि चवीची करडी परीक्षक. बोलणी करायला गेली तेव्हा अंबक्कानं आधीच सांगून टाकलं की ती स्वतः चुलीला हात लावणार नाही. कृष्णाबाईंनी कारण विचारलं. खोटं सांगायला हजार कारणं होती. वय झालं म्हणता आलं असतं, गुडघे म्हणता आलं असतं. पण लपवल्यानं काय होतं ते अंबक्कानं हंड्यापाशी पाहिलं होतं.

"मला किडनीचं दुखणं आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी गोळी घ्यावी लागते. तिच्यामुळे सारखं जावं लागतं, म्हणून मला सोवळ्यात राहता येत नाही. गोळी चुकवता येत नाही. माझी सून करील."

बायकांच्या बैठकीत असलं कुणी बोलत नसे. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले. कृष्णाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, की सून काय, सगळ्यांनाच असते. मग तुला बोलावून आम्ही मिळवलं काय?

"सून सगळ्यांना असते," अंबक्का म्हणाली. "माझ्या हाताखाली तयार झालेली एकच आहे. बिघडलं तर नाव माझं जाईल, तिचं नाही."

कृष्णाबाईंनी सुपारी पुढे केली.

लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघर आणि पंगतीचा सोपा यांच्यामध्ये जी बोळकांडी होती, तिथं अंबक्कानं लाकडी चौरंग टाकला. सकाळची गोळी घेतली होती. लागेल तेव्हा ती उठून जात होती, आधी भिंतीला हात टेकून क्षणभर थांबत, डॉक्टरांनी सांगितलं तशी. परत येऊन बसली की आतल्या वासाचा अंदाज घेई. सारूला उकळी आली तेव्हा तिनं आत हाक दिली नाही. वसुमती लाकडं ओढते का, एवढंच कान देऊन ऐकत राहिली. नेमक्या वेळी लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. अंबक्कानं मांडी बदलली.

ऊन चढलं तसं डोकं धरलं. भीमाचार्य चिरोटीच्या परातीवरून उठून तिच्याजवळ आला, तिचं कपाळ बघून ओळखलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, की एक पुडी घे, एकीनं काय होतं. वैरानं नाही, जुन्या मायेनं. तिनं त्याला सांगितलं की एकीनं काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय, आणि तूही ती पिशवी आजपासून रिकामी कर. तेवढ्यात हयवदनरावांनी तिच्यासाठी मुद्दाम शहाळं धाडलं. आचाऱ्याचा मान म्हणून यजमान देतात ते. आणणारा पुतण्या हातात धरून उभा, अवतीभवती चार माणसं. नको म्हटलं तर अपमान. तिनं शहाळ्याला नमस्कार केला आणि मोठ्यानं सांगितलं, की माझ्या दुखण्यात हे वर्ज्य आहे, डॉक्टरांची आज्ञा. आत माझी सून पहाटेपासून जाळापुढे उभी आहे, नैवेद्य झाला की हा मान तिला द्या.

आणि मग आतून वसुमती दारापर्यंत आली. चेहरा पांढरा पडलेला. हुळीच्या मोठ्या पातेल्यात मीठ घातलं की नाही, तिला आठवत नव्हतं. पाहुण्यांच्या एका पोराला कुणीतरी ओवळ्यानं आत येऊ दिलं, गडबड झाली, आणि लक्ष उडालं. नैवेद्याआधी चाखता येत नव्हतं. पुन्हा घातलं आणि आधीचंही असलं, तर सगळं पातेलं खारट. नाही घातलं, तर सगळ्या पंगतीसमोर फजिती. ती अंबक्काच्या तोंडाकडे बघत राहिली.

मिठाला वास नसतो. अंबक्काच्या नाकाचा इथं काही उपयोग नव्हता, आणि तिची जीभ तर नैवेद्य आणि डॉक्टर अशा दोन्हीकडून बांधलेली. तिनं सुनेला एवढंच विचारलं, "तुझा हात काय सांगतो?"

वसुमतीनं उजव्या हाताचा तळवा उघडला, मिटला. बोटं बोटांवर चोळली. खडे मीठ मुठीत धरलं की ओल राहते, पण नारळ, चिंच, पाणी, सकाळपासून हातात काय नव्हतं? तिनं डोळे मिटले. "घातलंय," ती म्हणाली. "घातलंय, अत्याबाई."

"मग झालं. नैवेद्य घे."

ती आत गेली.

नैवेद्य झाला. केळीची पानं मांडली गेली, पाणी फिरलं. वाढप्यांनी रीतीप्रमाणे पहिल्यांदा पानाच्या डाव्या टोकाला चिमूटभर मीठ वाढलं, मग कोसंबरी, मग पल्या म्हणजे सुक्या भाज्या, मग भात आणि त्यावर हुळी. अंबक्काचा चौरंग अशा जागी होता की सगळी पंगत शेवटपर्यंत दिसत होती. तिच्या एकदम लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बघते आहे. सोवळ्यात असती तर भिंतीआड असती. एक म्हातारे गृहस्थ घास घेतल्यावर डोळे मिटायचे. एक बाई लेकराला भात मऊ करून भरवत होती आणि मधूनच एक घास गुपचूप आपल्या तोंडात टाकत होती. एकजण पानावरची हुळी अशी निपटत होता की पान पुन्हा धुवायला नको.

पण तिची नजर बोटांवर होती. हुळी अळणी असेल तर बोटं पानाच्या डाव्या टोकाला जातील. ती एकेका पानावरून डोळे फिरवत राहिली. कृष्णाबाई नातेवाईक बायकांच्या पंगतीत बसल्या होत्या. त्यांनी पहिला घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. हात उचलला. कृष्णाबाईंनी वाढप्याला हात केला आणि हुळी आणखी मागितली.

ओळीच्या ओळी जेवत होत्या आणि पानांच्या टोकांवरचं मीठ वाढलं तसं पांढरंशुभ्र पडून होतं.

अंबक्का भिंतीला टेकून बसली. आपल्या कौतुकानं ती कधी हरखली नव्हती. ते हक्काचं वाटायचं. आज कुणी तिचं नावही घेत नव्हतं, आणि तिला मात्र त्या पानांवरून नजर काढवत नव्हती. वसुमती दाराच्या आत उभी राहून तिच्याकडे बघत होती. अंबक्का तिला म्हणाली, "शाबास." एवढंच म्हणाली. वसुमतीनं ऐकलं की नाही, कोण जाणे, कारण ती लगेच वळून भात उतरवायला गेली. पण पुढचा भात उतरवताना तिचा हात ढिला पडला नाही.

रघुपती कचेरीतून रजा काढून आला होता. तो म्हणाला, की आता झालं, घरी चल, जरा पड. अंबक्कानं त्याला दुसरी पंगत बसायची आहे म्हणून सांगितलं, आणि चौरंग थोडा पुढे सरकवून घेतला.

तिचं दुखणं पुरतं बरं झालं नाही; ते होणारही नव्हतं. पण उरलेलं मूत्रपिंड पुढे कित्येक वर्षं टिकलं. डॉक्टर नंजुंडय्या नळी तापवून दाखवत आणि म्हणत, की साय पातळ आहे, चाललंय. त्या वर्षांत तिची एकही गोळी चुकली नाही, आणि बसवनगुडीपासून मल्लेश्वरापर्यंत, जिथं जिथं वसुमतीनं चुलाण पेटवलं, तिथं तिथं पंगतीच्या दाराशी अंबक्काचा चौरंग होता.